इतिहासाचा तास : दिलेरखानाने आधी कोणता गड घ्यावा?

या महिन्यातली बहुतेक पत्रं शाळेतल्या इतिहासाबद्दल आहेत. बोर्ड आले, मोबाइल आले, आता एआयही आलं, मग या सगळ्याचं वर्गात करायचं काय, असं शिक्षक आणि पालक दोघंही विचारत आहेत. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे वर्गात करून पाहिलेलंच सांगते.

प्रश्न : बाई, आमच्या शाळेत यंदा डिजिटल बोर्ड आला. सातवीला शिवकाळ शिकवताना मी व्हिडिओ दाखवते. मुलं गप्प बसून बघतात, त्यांना आवडतंही. पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोणालाच धड सांगता येत नाही. पुन्हा पुस्तक उघडून तोच धडा वाचावा लागतो. कुठे बिनसतंय? (एक शिक्षिका, सिन्नर)

व्हिडिओ बघताना मुलांना काही कामच नसतं. कोण जिंकलं, कसं जिंकलं, कोण शूर, कोण कपटी, हे सगळं दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मुलांनी फक्त बघायचं. मी बोर्ड व्हिडिओसाठी क्वचितच वापरते, नकाशासाठी मात्र भरपूर वापरते.

पुरंदरच्या तहाचं बघा. धड्यात तो काही ओळींत संपतो. मी पुस्तक उघडायच्या आधी बोर्डवर गूगल अर्थ लावते, गावांची आणि गडांची नावं बंद करते आणि सासवडच्या दक्षिणेला नेऊन नकाशा आडवा करते. समोर दोन डोंगर उभे राहतात. एक मोठा आणि उंच, दुसरा त्याला खेटून, थोडा बुटका. मधे खिंड. नाव कुणाचंच सांगायचं नाही. वर्गाचे गट करायचे आणि एकच प्रश्न टाकायचा : तुम्ही मोगलांचे सेनापती आहात, तोफा आहेत, माणसं आहेत, मार्च संपत आलाय आणि जूनमध्ये पाऊस सुरू होणार. आधी कोणत्या डोंगरावर चढाल?

पहिल्यांदा बहुतेक गट मोठ्या डोंगरावर बोट ठेवतात. मोठा पडला की लहान आपोआप पडेल, असा त्यांचा हिशेब असतो. मग मी एकेका गटाला पुढे बोलावते आणि नकाशा त्यांनाच फिरवायला देते. लहान डोंगराच्या माथ्यावर जाऊन मोठ्याकडे वळून पाहिलं, की खालची माची, म्हणजे माथ्याखालचा तटबंदीचा सपाट भाग, अगदी समोर येते. तिथेच कुणीतरी ओरडतं, "बाई, इथून तोफ मारता येईल!" मग नावं सांगायची. मोठा तो पुरंदर, लहान तो वज्रगड. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनीही हेच केलं. एप्रिल १६६५ मध्ये वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर मारा सुरू केला. पुरंदर लढवणारे मुरारबाजी देशपांडे याच वेढ्यात पडले. जूनमध्ये तह झाला. आता पुस्तक उघडा. त्याच ओळी मुलं वेगळ्या नजरेने वाचतात, कारण त्यांचं उत्तर बरोबर आलं की नाही, हे त्यांना बघायचं असतं.

दुसरा तास तहाचा. महाराजांनी २३ किल्ले आणि वर्षाला चार लाख होनांचा (होन म्हणजे सोन्याचं नाणं) मुलूख दिला, स्वतःकडे १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख ठेवला. हे आकडे मुलं घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मी नावांच्या चिठ्ठ्या देते : पुरंदर, कोंढाणा, लोहगड, कर्नाळा, माहुली, राजगड, तोरणा, रायरी (म्हणजे रायगड). नकाशावर प्रत्येक गड शोधायचा आणि यातले तीनच ठेवता आले तर कोणते ठेवाल, ते कारणासकट लिहायचं. कारण लिहिलं नाही तर मी उत्तर धरत नाही. मुलं भांडतात. पुण्यावर नजर ठेवणारा कोंढाणा सोडायला कुणी तयार नसतं. पण तो द्यावा लागला. राजगड, तोरणा, रायरी राहिले. मग आतल्या डोंगरातले गड का राखले असतील, यावर वर्ग स्वतःहून बोलायला लागतो. १६७० साली तानाजी मालुसरे कोंढाण्यावर का चढले, हे मला मग वेगळं शिकवावं लागत नाही.

बोर्ड नसेल तर उठावाचा, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा, कागदी नकाशाही चालतो. फक्त निर्णय मुलांनी घ्यायचा आणि खरं काय झालं ते नंतर कळायचं, हा क्रम पाळा. आधी उत्तर सांगितलंत तर पुढचा सगळा खटाटोप शोभेचा.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे देणगी आली आहे. त्यातून व्हीआरचे चष्मे घ्यावेत, म्हणजे मुलांना वर्गात बसून रायगड पाहता येईल, असं एका विक्रेत्याने सुचवलं. घ्यावेत का? (एक विश्वस्त, सांगली)

माझं मत : नको. चष्म्यातला रायगड एका वेळी एकालाच दिसतो, बाकीचा वर्ग रांगेत उभा राहतो. त्याच पैशात एक बरा प्रोजेक्टर, एक प्रिंटर आणि दरवर्षीच्या सहलीची एसटी होईल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे, बाकीचे ११ आपल्याच राज्यात आहेत. सांगलीहून पन्हाळा एका दिवसात होतो. तोही या यादीत आहे.

प्रश्न : मी वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. दोन शिक्षकी शाळा. नेटवर्क टेकडीवर गेल्यावर येतं. तंत्रज्ञान म्हणजे माझा एकटीचा मोबाइल. दीक्षा अ‍ॅप, क्यूआर कोड यांबद्दल वाचते आणि वाईट वाटतं. आमच्या मुलांसाठी काय करता येईल? (एक शिक्षिका, पुरंदर तालुका)

ताई, वाईट वाटून घेऊ नका. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्यासाठी ओळखले गेलेले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळालेले रणजितसिंह डिसले गुरुजीही सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतच शिकवत होते. तुमच्याकडे एक मोबाइल आहे, त्याला कॅमेरा, टॉर्च आणि रेकॉर्डर आहे. इतिहासाला एवढं पुरतं.

तुमच्या भागात बहुतेक जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, असतात. गावात त्यांना कुणी देव म्हणतं, कुणी नुसता दगड. मुलांना तिथे न्या. दुपारी बाराला नेऊ नका, ऊन डोक्यावर असलं की कोरीव काम सपाट दिसतं. सकाळी लवकर जा, किंवा सावलीत मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. झिजलेल्या रेषा सावलीमुळे उठून दिसतात. चारी बाजूंनी प्रकाश फिरवत फोटो घ्या. डोळ्यांना न दिसलेला घोडा किंवा ढाल फोटोत दिसते, तेव्हा मुलं एकमेकांना ढकलून पुढे येतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. तिथे गाई कोरलेल्या असतील तर गोधन राखताना मरण आलं, असा अर्थ लावतात. त्याच्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असतील तोवर कीर्ती राहील. शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या स्मरणाचा दगड. तिच्याबद्दल बोलताना गुळगुळीत बोलू नका. पाचवीतल्या मुलीही नेमका प्रश्न विचारतात आणि त्यांना खरं उत्तर मिळायला हवं.

एक कळकळीची विनंती. अक्षरं किंवा चित्रं स्पष्ट दिसावीत म्हणून दगडावर खडू, पीठ, हळद काही लावू देऊ नका. तारेच्या ब्रशने घासणं आणि ऑइलपेंट फासणं तर मुळीच नको. शेकडो वर्षं ऊन-पाऊस सोसलेलं कोरीवकाम आपल्या हौसेपायी एका दुपारी जातं. ते पाहून मला फार त्रास होतो. मुलांना हे लहानपणीच कळलं तर पुढे गावात तेच पहारा देतील.

दुसरं काम रेकॉर्डरचं. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून वाडीवर आहेत. मुलांना त्यांच्या आजी-आजोबांकडे पाठवा, पण "दुष्काळाबद्दल सांगा" असं विचारायला लावू नका, उत्तर दोन वाक्यांत संपेल. "कुठल्या कामावर जात होता? खडी फोडायला की तलावाला? हजेरी कोण घ्यायचं? सुकडी कशी लागायची? मिलोची भाकरी कशी व्हायची? जनावरांचं काय केलंत?" असे प्रश्न द्या. (सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा खाऊ, मिलो म्हणजे तेव्हा बाहेरून आलेली ज्वारी.) रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्यायची. कुणाला बोलवत नसेल, रडू आलं, तर थांबायचं आणि पाणी द्यायचं. हेही शिकवून पाठवा.

त्यानंतर तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर काढा. कपाटात तळाशी असेल. ७२-७३ च्या पानांवर कोणत्या महिन्यात किती मुलांनी शाळा सोडली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, ते तुम्ही स्वतः बघा. नावं झाकून फक्त महिना, इयत्ता, मुलगा की मुलगी आणि कारण एवढंच फळ्यावर उतरवा. आजीने सांगितलं ते आणि रजिस्टर सांगतं ते, दोन्ही जुळतं का? नाही जुळलं तर का? मुली आधी गेल्या की मुलगे? रोजगार हमीचा कायदा नंतर, १९७७ साली झाला. त्याच्या मागे काय होतं, हे या मुलांना आपल्या वाडीवरून कळेल. तुमच्या रजिस्टरमध्ये काय सापडलं ते मला जरूर लिहा.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. इतिहासाचा प्रकल्प तिने एआयला विचारून पूर्ण केला. त्यात शिवाजी महाराजांचं म्हणून एक सुंदर वाक्य आहे आणि सोबत एआयनेच काढलेलं चित्र. मला शंका आली, पण खोटं कसं सिद्ध करणार? एआयवर बंदीच घालू का? (एक पालक, ठाणे)

बंदी टिकणार नाही. तिला एक काम द्या. एआयने दिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहायचं : हे कुठून कळलं? कोणी लिहिलं? तो माणूस त्या काळात होता का? उत्तर मिळालं नाही की वाक्य कापायचं. ते सुंदर वाक्य बहुधा पहिल्याच फेरीत जाईल. खोटं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नाही, साधन दाखवायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आहे.

सरावाला एक सोपा प्रश्न घ्या : १९ फेब्रुवारीला शिवजयंती का? बऱ्याच मुलांना वाटतं, जन्मतारीख काय, दाखल्यावर असते तशी माहीतच होती. तसं नव्हतं. बराच काळ १६२७ हे जन्मवर्ष धरलं जात होतं. मग जेधे घराण्याच्या दप्तरातली शकावली, म्हणजे घटनांच्या तिथीवार नोंदी, हाती आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये अभ्यासकांपुढे ठेवली. तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया आहे, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. परमानंदाच्या 'शिवभारता'तही हीच तिथी आहे. म्हणजे आपली सुट्टी दप्तरातल्या एका ओळीवर उभी आहे. ही गोष्ट एआयला विचारा, मग ती पडताळा. कुठे बरोबर सांगतो आणि कुठे घसरतो, ते तिलाच पकडू द्या. पकडण्यात मुलांना फार आनंद असतो.

चित्राचंही तसंच. वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं अस्सल चित्र पुढे आणेपर्यंत दुसऱ्याच एका माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून पुस्तकांत छापलं जात होतं. हे सगळं एआयच्या आधीचं आहे. चुकीचं चित्र एकदा रूढ झालं की ते काढायला एखाद्या संशोधकाला केवढे कष्ट पडतात, हे मुलीला सांगा. मग प्रकल्पात ते एआयचं चित्र ठेवायचं का, तिलाच ठरवू द्या. ठेवलंच तर खाली स्वच्छ अक्षरांत लिहायचं : हे यंत्राने काढलेलं काल्पनिक चित्र आहे. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनावर आणि उपयोजित इतिहासावर धडे आहेत. हा प्रकल्प थेट त्यांचाच भाग होईल, गुणही जाणार नाहीत.

प्रश्न : वर्गात नाट्यीकरण घेतलं की मुलं प्रतापगडाचाच प्रसंग मागतात. वर्गात मुस्लिम मुलंही आहेत. अफजलखानाची भूमिका त्यांच्यातल्याच एकाला द्या, असा आग्रह झाला. मी विषय बदलला, पण मनात राहिलं. काय करायला हवं होतं? (एक शिक्षक, मालेगाव)

सर, तुम्ही थांबवलंत ते योग्यच केलंत. पोराला त्याच्या नावावरून भूमिका देणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि इतिहासावरही. खानाच्या फौजेत मराठे सरदार होते. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. हे वर्गात स्पष्ट सांगा आणि भूमिका नेहमी चिठ्ठी टाकून वाटा.

पण मी तो भेटीचा प्रसंग घेतच नाही. तिथे मुलांना ठरवायला काही उरत नाही, शेवट सगळ्यांना पाठ असतो. मी त्याच्या आधीचे महिने घेते. जून १६५९ मध्ये आदिलशाहीचं फर्मान मावळातल्या देशमुखांना आलं : खानाला मिळा, नाहीतर वतन, म्हणजे पिढीजात जमीन आणि हक्क, जाईल. कारीचे कान्होजी जेधे आणि उत्रवळीचे खंडोजी खोपडे, दोघंही मराठे, दोघंही वतनदार, संकट एकच. चार-चार मुलांचं एक घर करायचं : देशमुख, त्याची बायको, थोरला मुलगा, कारभारी. फर्मानाचा मजकूर सोप्या मराठीत हातात द्यायचा आणि पंधरा मिनिटांत निर्णय मागायचा. प्रत्येकाने आपल्या भूमिकेची भीती आधी बोलून दाखवायची. वतन गेलं तर खायचं काय? राजे हरले तर? खान जिंकला आणि आपण नव्हतो तर?

काही घरं खानाकडे जातात. जाऊ द्या, कुणाला हसू देऊ नका. मग सांगा : कान्होजी पाच मुलांना घेऊन राजांकडे गेले, फर्मान दाखवलं आणि वतनावर पाणी सोडलं. खंडोजी खानाला मिळाले. ही हकिकत जेध्यांच्या करीन्यात, म्हणजे घराण्याच्या लेखी हकिकतीत, आली आहे. ज्या मुलाने दहा मिनिटांपूर्वी स्वतः वतन वाचवायचं ठरवलं होतं, त्याला कान्होजींनी काय सोडलं ते नीट कळतं. या तासाला माझ्या वर्गात धर्मावरून कधी वाद झालेला नाही. वाद होतो तो वतनावरून, आणि तो मी घंटा झाली तरी चालू देते. पुढच्या तासाच्या शिक्षकांना तेवढं आधी सांगून ठेवा.