उचल, करार आणि घायपाताची पानं

प्रश्न : आमच्या तळोदा भागातली माणसं उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. १९०५ साली मेक्सिकोत गेलेले कोरियन मजूरही असेच अडकले होते का? करार संपल्यावर ते परतले का नाहीत?
– एक वाचक, तळोदा

उत्तर : साम्य बरंच आहे. जाहिरातींना भुलून १,०३३ जण, अनेक तर बायकापोरांसह, एप्रिल १९०५मध्ये कोरियातल्या इंचॉन बंदरातून निघाले. मेक्सिकोच्या युकातान भागात चार वर्षांच्या करारावर त्यांना एनेकेनच्या मळ्यांत जुंपलं. एनेकेन म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताच्या जातीचंच झाड; त्याच्या वाखाचे दोर होत. पानांच्या कडांना काटे, त्यामुळे हात फाटत. मजुरी हजार पानांच्या हिशोबानं, म्हणजे हात मंदावला की मिळकत घटे. मळ्याच्याच दुकानातली उधारी त्यातून कापली जाई. हातात काय उरणार?

दाद मागायला मेक्सिकोत कोरियाचा राजदूत नव्हता. नोव्हेंबर १९०५मध्ये तर जपाननं कोरियाचा परराष्ट्र कारभारच ताब्यात घेतला. करार १९०९मध्ये संपला, पण परतीचं भाडं गाठीला नव्हतं. १९१०मध्ये देशही जपानच्या घशात गेला. १९२१मध्ये सुमारे तीनशे जण उसाच्या आशेनं क्युबाला गेले. तेवढ्यात साखरेचे भाव कोसळले होते, आणि मातान्सासजवळ त्यांच्या वाट्याला पुन्हा एनेकेनच आलं.