तळघरातील पार्किंगच्या दिव्यांचे बिल कमी करण्यासाठी फ्लडलाइट बसवावेत का?

आपला प्रश्न असा आहे : टिळकवाडीतील आपल्या अपार्टमेंटच्या तळघरात आणि स्टिल्ट (खांबांवरच्या इमारतीखालच्या, बाजूंनी उघड्या) पार्किंगमध्ये मिळून 24 ट्यूबलाइट रात्रंदिवस जळतात, सामाईक मीटरचे बिल वाढत चालले आहे, आणि एका ठेकेदाराने या सर्व ट्यूब काढून त्यांच्या जागी 50 वॅटचे एलईडी फ्लडलाइट बसवण्याचे दरपत्रक दिले आहे, ते मान्य करावे का? मी बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात इमारतींच्या वायरिंगची कामे करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की हे दरपत्रक मान्य करू नये.

कारण साध्या हिशेबात आहे. आपल्याकडच्या चार फुटी ट्यूबवर 36 वॅट असे छापलेले असले, तरी पट्टीत जुना कॉपर चोक (ट्यूबचा प्रवाह आवरणारी तांब्याची गुंडाळी) असेल तर तो स्वतः आणखी 12 ते 14 वॅट खातो, म्हणजे प्रत्येक ट्यूबमागे मीटरवर सुमारे 50 वॅट पडतात. त्या जागी 50 वॅटचाच फ्लडलाइट लावला, तर उजेड पुष्कळ वाढेल, पण विजेची बचत जवळजवळ काहीच होणार नाही. शिवाय फ्लडलाइट उंच खांबावरून मोठे अंगण उजळण्यासाठी असतो. आठ-नऊ फुटांच्या छताला तो लावला, की गाडी वळवणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जातो आणि दोन गाड्यांच्या मधल्या जागेत अधिकच काळोख वाटतो. तिथे 20 वॅटची चांगली एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखी लांब एलईडी पट्टी, पुरते. जुन्या ट्यूबचा निम्मा उजेड वर छताकडे आणि धुळीने भरलेल्या पट्टीत वाया जातो, तर बॅटनचा जवळजवळ सगळा उजेड खाली पडतो. त्यामुळे 2000 ल्युमेनची (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचे माप) बॅटन प्रत्यक्षात जुन्या ट्यूबला कमी पडत नाही.

आता महिन्याचे युनिट पाहू. आजच्या 24 ट्यूब 50 वॅटच्या हिशेबाने चोवीस तास जळल्या, तर 30 दिवसांत 864 युनिट होतात. तेवढ्याच 20 वॅटच्या बॅटन तितकाच वेळ जळल्या, तर सुमारे 346 युनिट होतील. पण मला आपले लक्ष वेधायचे आहे ते यापुढच्या पायरीकडे, कारण अपार्टमेंटच्या तळघरात दिवसाचे बहुतेक तास कोणीही नसते. समजा, रॅम्प, लिफ्ट आणि जिना यांच्याजवळचे 8 दिवे कायम पूर्ण चालू ठेवले आणि उरलेले 16 दिवे एरवी 5 वॅटवर मंद राहून माणसाची किंवा गाडीची चाहूल लागताच 20 वॅटवर येणारे घेतले. हे 16 दिवे दिवसात एकूण पाच तास पूर्ण तेजाने जळले असे धरले, तर महिन्याचा आकडा 209 युनिटांच्या आसपास येतो. या युनिटांना आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे 2023 पासून अनेक घरांची बिले शून्यावर आली, आणि सामाईक मीटरचे बिल सभासदांना आता अधिक टोचू लागले, हे मी अनेक सोसायट्यांत पाहतो आहे.

येथे एक आग्रह धरतो. दिवे मंद व्हावेत, पूर्ण विझू नयेत. रात्री उशिरा कामावरून परतणारी मुलगी किंवा काठी टेकत गाडीपर्यंत जाणारे आजोबा यांना काळोखात दोन पावले टाकल्यावर मग उजेड मिळावा, ही व्यवस्था मला मुळीच मान्य नाही. युनिट थोडे जास्त गेले तरी चालतील. एलईडीला वारंवार मंद-तेज होण्याचा त्रास नसतो. जुनी ट्यूब मात्र सतत चालू-बंद केल्याने लवकर निकामी होते, म्हणून जुन्याच ट्यूबवर सेन्सर बसवून पैसे वाचवण्याचा प्रयत्न करू नये.

सेन्सर दोन प्रकारचे मिळतात आणि दोघांची जागा वेगळी आहे. पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता हलताना ओळखतो. त्याच्या समोरून आडवे जाणारे माणूस त्याला चटकन कळते, सरळ त्याच्याकडे चालत येणारे उशिरा कळते, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात हवेचे तापमान शरीराच्या जवळ पोहोचले की तो आणखी मंदावतो. मायक्रोवेव्ह सेन्सर लहरींच्या परावर्तनावरून हालचाल ओळखतो, त्यामुळे बंद तळघरात तो उत्तम चालतो. मात्र पातळ भिंतीपलीकडची किंवा काचेमागची हालचालही तो टिपतो, आणि उघड्यावर वाऱ्याने हलणारी फांदी किंवा पावसाची सरसुद्धा त्याला पुरते. म्हणून तळघरात मायक्रोवेव्ह आणि स्टिल्टच्या बाहेरच्या कडेला पीआयआर, अशी विभागणी मी सुचवतो. दिवे एकेकटे न उजळता चार-पाच दिव्यांचा गट एकत्र उजळावा, म्हणजे माणसाच्या पुढची वाटही दिसते.

रॅम्पचा विचार बहुतेक ठिकाणी उलटा केला जातो. रात्री बाहेरही काळोख असतो, त्यामुळे रॅम्पवर माफक उजेड चालतो. खरी अडचण भर दुपारी येते, कारण रस्त्यावरच्या लख्ख उन्हातून गाडी खाली उतरताना डोळे काही क्षण आंधळे झाल्यासारखे होतात, आणि नेमक्या त्या क्षणी समोरून चालत येणारे मूल दिसत नाही. युरोपीय मानकात पार्किंगच्या आतल्या मार्गांना 75 लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप) सांगितले आहेत, तर प्रवेशाच्या रॅम्पला रात्री 75 आणि दिवसा 300 लक्स. म्हणून रॅम्पच्या तोंडाशी दोन-तीन जास्तीचे दिवे वेगळ्या वायरिंगवर घेऊन ते फोटोसेलने (बाहेरचा उजेड ओळखणाऱ्या स्विचने) दिवसा लागतील व रात्री विझतील असे करावे, आणि स्टिल्टच्या कडेच्या रांगा, जिथे दिवसा आपोआप उजेड येतो, त्यांना नेमका उलटा फोटोसेल द्यावा. हे रॅम्पचे जास्तीचे दिवे वर मांडलेल्या हिशेबात धरलेले नाहीत. त्यांचे थोडे युनिट वाढतील आणि स्टिल्टचे तितके किंवा अधिक कमी होतील.

दिव्यांची खरेदी करण्यापूर्वी तळघराच्या छताला आणि भिंतींना पांढरा रंग लावून घ्यावा. उघडे काँक्रीट पडलेल्या उजेडाचा जेमतेम पाव हिस्सा परत टाकते, स्वच्छ पांढरा पृष्ठभाग मात्र सत्तर टक्क्यांहून अधिक. साधा डिस्टेंपरसुद्धा पुष्कळ फरक पाडतो. छतात खोल बीम असतील तर बॅटन दोन बीमच्या खोबणीत न लावता बीमच्या खालच्या कडेच्या पातळीला आणावी, नाहीतर बीमची सावली गाड्यांवर पडते. ही कामे झाल्यावर एका कोपऱ्यात चार दिवे लावून लक्समीटरने मोजावे आणि मगच उरलेल्यांची ऑर्डर द्यावी.

इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत चारचाकी लावत असतील, तर तिथे सर्वत्र लख्ख उजेडाची गरज नाही. उजेड सारखा पडणे अधिक महत्त्वाचे. दिव्याची काच जमिनीला समांतर ठेवावी, म्हणजे झोत शेजाऱ्याच्या खिडकीत जात नाही. 6500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचे माप) निळसर दिवा टाळून 3000 ते 4000 केल्विनचा पिवळसर घ्यावा. मृगाच्या सरी पडल्या की पंख फुटलेली वाळवी निळसर दिव्याभोवती झुंडीने येते आणि सकाळी गाड्यांवर पंखांचा थर साचतो. पिवळसर दिव्याकडे ती कमी येते. सौर पॅनेल आणि बॅटरीचे स्वतंत्र खांबदिवे बेळगावात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, जून ते ऑगस्टमध्ये ढगांमुळे पुरेसे चार्ज होत नाहीत, त्यामुळे मुख्य प्रकाशासाठी मी ते सुचवत नाही.

माल निवडताना फक्त वॅट आणि किंमत पाहू नये. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेचा किती हिस्सा खरोखर कामी येतो याचे माप, 0.9 किंवा त्याहून जास्त हवा. स्वस्त दिव्यांत तो अनेकदा 0.5 च्या आसपास असतो. बीआयएस नोंदणीचा आर क्रमांक पेटीवर असावा, आणि पाऊस लागणाऱ्या जागी फिटिंग आयपी65 (धूळ व पाणी आत न शिरणाऱ्या) दर्जाचे असावे. आपल्या भागात वळवाच्या गडगडाटात एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे आतले सर्किट) मोठ्या संख्येने जातात, तेव्हा मुख्य पॅनेलमध्ये अचानक चढणारा दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर बसवून अर्थिंग तपासून घ्यावे. न्यूट्रल सैल असेल तर एका फेजवर 230 ऐवजी 400 व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो आणि सगळे नवे दिवे एका रात्रीत जळतात. म्हणून दिवे लावण्याआधी न्यूट्रलचे सर्व सांधे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घट्ट करून घ्यावेत. कायम चालू राहणाऱ्या आठ दिव्यांपैकी निम्मे इन्व्हर्टरवर घ्यावेत, कारण पावसाळ्यात हेस्कॉमची वीज रात्री गेली तर लिफ्टजवळ आणि जिन्यापाशी काळोख होता कामा नये.

उतरवलेल्या ट्यूब फोडू नयेत, त्यांत पारा असतो. त्या मूळ खोक्यांत किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचऱ्याचे पुनर्चक्रण करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्याव्यात, आणि ठेकेदाराशी करार करतानाच ही जबाबदारी त्याच्यावर लिहून घ्यावी.