उपग्रहाची प्रत अॅप सांगते, डोळा का मानत नाही?

प्रश्न : जुळे सोलापुरातील आमच्या गच्चीवरून मी संध्याकाळचे उपग्रह पाहतो. अॅपमध्ये एखाद्याची प्रत (तेजाचा आकडा; आकडा जितका लहान, तितके तेज अधिक) २ दिलेली असते, परंतु तो कधी त्याहून ठळक, तर कधी अगदीच फिका दिसतो. चूक अॅपची की माझ्या डोळ्यांची?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चूक दोघांचीही नाही. उपग्रह १००० किलोमीटरवर असता तर किती तेजस्वी दिसला असता, ही प्रमाणप्रत धरून अॅप त्या वेळच्या अंतराचा हिशेब मांडते. हा हिशेब खरोखरच मोठा असतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावर असताना सुमारे ४२० किलोमीटरवर, तर क्षितिजापासून १० अंशांवर असताना जवळजवळ १५०० किलोमीटरवर असते; त्यामुळे केवळ अंतरापोटी त्याचा प्रकाश बारा-तेरा पटींनी घटतो, म्हणजेच पावणेतीन प्रतींचा फरक पडतो. मात्र त्या क्षणी उपग्रहाचे सौरपंख आणि अँटेना कोणत्या कोनात वळलेले आहेत, हे अॅपला ठाऊक नसते, आणि सूर्यकिरण नेमके आपल्या दिशेने परावर्तित झाले तर तो काही सेकंद एकाएकी उजळतो. शिवाय संध्याकाळी पश्चिमेकडील उपग्रहाची अंधारी बाजू आपल्याकडे असते, तर पूर्वेकडे सरकल्यावर उजळलेली बाजू अधिक दिसू लागते.

म्हणूनच आपल्या नोंदींना मोल आहे. २०२२ मध्ये सोडलेल्या ब्लूवॉकर-३ या उपग्रहाची ६४ चौरस मीटरची अँटेना उलगडल्यानंतर तो आकाशातील ठळक ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला, हे ज्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले, त्यांत हौशी निरीक्षकांचाही वाटा होता.

प्रत ठरवताना उपग्रहाच्या जवळच्या आणि साधारण तेवढ्याच उंचीवरच्या दोन ताऱ्यांशी तुलना करावी. एप्रिल-मे महिन्यांत उंचावरून जाणाऱ्या उपग्रहासाठी मघा (१.४) आणि उत्तरा (२.१) ही जोडी सोयीची आहे, तेज दोघांच्या मधोमध वाटले, तर १.७ किंवा १.८ लिहावे. ध्रुवाची प्रत २ असली, तरी सोलापुरातून तो क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर दिसतो आणि उन्हाळ्यातील धुरळ्यामुळे आणखी मंदावतो, तेव्हा डोक्यावरच्या उपग्रहासाठी तो वापरू नये. मृगातील काक्षीसारखे रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारे) तारेही टाळावेत. अंदाज आधी वहीत उतरवावा आणि अॅपमधील आकडा नंतरच पाहावा, असा माझा आग्रह आहे, कारण एकदा आकडा मनात बसला की डोळा नकळत त्याच्याकडे झुकतो. तुलनेचे तारे, सेकंदापर्यंतची वेळ आणि आकाशाची स्थिती यांचीही नोंद असावी.

कमी उंचीच्या कक्षेतील उपग्रहांसाठी आपल्याकडे सूर्यास्तानंतरचे दीड-दोन तास हाती असतात; नंतर ते पृथ्वीच्या सावलीत शिरतात. मंद उपग्रहांसाठी हिप्परगा तलावाचा परिसर गच्चीपेक्षा बरा, कारण तेथे शहराचा उजेड दक्षिणेकडे राहतो.

एखादा ठिपका ठरावीक अंतराने लुकलुकत जाताना दिसला, तर तो बहुधा गिरक्या घेणारा, वापरून झालेला रॉकेटचा टप्पा असतो. त्याची एकच प्रत लिहू नये. सर्वाधिक आणि सर्वांत कमी तेज, तसेच दोन चमकांमधील सेकंद स्टॉपवॉचने मोजून लिहावेत.