एनपीव्ही : फवारला, पण अळी केवढी होती?

एनपीव्ही (न्यूक्लिअर पॉलिहेड्रोसिस व्हायरस) आणि तशा अळीनाशक विषाणूंबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बाटलीवरचे लेबल वाचले असते, तर त्यातले निम्मे आलेच नसते. तरी उत्तरे देतो.

प्रश्न : विषाणू म्हणता, मग माणसांना, गुरांना, मधमाश्यांना बाधणार नाही का?

नाही. बॅक्युलोव्हायरस कुळातले हे विषाणू ठरावीक किडींनाच होतात. तरीही लेबलवर सांगितलेला मास्क आणि हातमोजे घालाच. बाटलीत विषाणूशिवाय इतर घटकही असतात.

प्रश्न : दुपारी फवारले तर चालेल?

नाही. ऊन उतरल्यावर फवारा. अतिनील किरणांत विषाणू टिकत नाही.

प्रश्न : हरभऱ्यावर घाटेअळीसाठी एनपीव्ही फवारून तीन दिवस झाले. अळ्या अजून फिरताहेत. दुकानदार म्हणतो, विषाणू निकामी निघाला, आता कडक औषध मारा.

फवारताना अळी केवढी होती? हे कुणीच लिहीत नाही, आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते.

एनपीव्ही अंगाला लागून मारत नाही, तो खाण्यातून पोटात जावा लागतो. त्याचे कण प्रथिनाच्या कवचात बंद असतात. अळीच्या आतड्यातला रस तीव्र अल्कधर्मी असतो. त्यात कवच विरघळते आणि विषाणू आतड्याच्या पेशींत शिरून पुढे शरीरभर पसरतो. याला साधारण चार ते सात दिवस लागतात, थंडीत जास्तच. अळी सुस्तावते, खाणे सोडते, फिकट पडते, बरेचदा शेंड्याकडे चढते आणि उलटी लटकून मरते. कातडी फुटून जो द्रव पाझरतो, त्यातच पुढच्या अळ्यांसाठी कोट्यवधी कण असतात. तिसऱ्या दिवशी निकाल मागणाऱ्या दुकानदाराला एवढे ठाऊक नसेल, तर त्याचा सल्ला घेऊ नका. ठाऊक असेल, तर मुळीच घेऊ नका.

आता आकाराचे. नुकती निघालेली अळी थोड्या कणांनी मरते. वाढलेल्या अळीला त्याच्या शेकडो, कधी हजारो पट कण लागतात. ते मिळाले तरी सुस्तावेपर्यंत ती खातच राहते, आणि घाट्यात डोके खुपसून बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. म्हणून कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) पतंग वाढू लागले की रोज शेतात वाकून बघा. अंडी आणि पान खरवडणाऱ्या बारीक अळ्या दिसल्या, तीच वेळ. 'पुढच्या आठवड्यात बघू' म्हणणाऱ्याने पुढच्या आठवड्यात मला लिहू नये.

तुमच्यापुरते : अळ्या बारीक असताना फवारले असेल, तर सातव्या दिवसापर्यंत थांबा. बहुतेक मोठ्या असतील, तर दुसरा उपाय जवळच्या कीटकतज्ज्ञाला शेत दाखवून ठरवा.

प्रश्न : शेजारी मेलेल्या अळ्या वाटून, गाळून फवारतात. एकरी किती घ्याव्यात?

माझे ऐकाल तर एकही नको. काळी पडून मेलेली प्रत्येक अळी विषाणूनेच मेली, असे नसते. जिवाणूंनीही ती तशीच दिसते. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजून मात्रा ठरते. लेबलवरचा एक एलई (लार्व्हल इक्विव्हॅलंट, मात्रेचे एकक) म्हणजे सुमारे ६ अब्ज कण. हा हिशेब मिक्सरला येत नाही.

प्रश्न : घाटेअळीची हीच बाटली स्पोडोप्टेरावर (पाने खाणारी दुसरी अळी) चालेल?

नाही. त्या अळीचा विषाणू वेगळा. आधी अळी ओळखून घ्या.

प्रश्न : एका 'विषाणू' औषधाने रात्रीत अळ्या पडल्या. तेच घ्यावे का?

रात्रीत अळ्या पडल्या, तर ते काम विषाणूचे नव्हे. त्यात रसायन मिसळल्याचा संशय घ्यायला जागा आहे, आणि सेंद्रिय माल विकणाऱ्याला ते अवशेषांच्या तपासणीत महागात पडेल. विषाणूचे नाव, दर मिलिलिटरमधील कणसंख्या, नोंदणी क्रमांक आणि मुदत, यांपैकी एकही गोष्ट लेबलवर नसेल तर बाटली परत करा. उरलेले औषध तपासून घेता येईल का, तेही विचारा.

प्रश्न : अळ्यांना या विषाणूची सवय होते का?

होऊ शकते. सफरचंदावरच्या कॉडलिंग मॉथ या किडीसाठी याच कुळातला ग्रॅन्युलोव्हायरस वापरतात. युरोपातल्या काही बागांत वर्षानुवर्षे त्याच्या एकाच वाणावर भिस्त होती. तिथे २००५ च्या सुमारास प्रतिकार आढळला आणि नवे वाण शोधावे लागले. उपाय आलटून-पालटून करा; क्रम तज्ज्ञाला विचारून लावा.

प्रश्न : बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याचे बुरशीनाशक) मिसळून एकाच फेरीत मारू का?

नको. चुन्यामुळे ते अल्कधर्मी होते. अळीच्या पोटात विरघळायचे कवच पंपातच विरघळायचे.