मुलगा घरी शंभर प्रश्न विचारतो, वर्गात मात्र गप्प. त्याची जिज्ञासा कशी जपावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा तिसरीत आहे, घरी प्रश्न विचारून भंडावून सोडतो, पण शाळेत तोंड उघडत नाही. आणि कल्पकता शिकवणारा एखादा क्लास मडगावात लावावा का, असं विचारलंय.

मी फोंडा तालुक्यात, जुवारीच्या काठावरच्या एका गावात, मराठी प्राथमिक शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. क्लास लावू नका, निदान आत्ताच नको. त्याची जिज्ञासा शाबूत आहे, म्हणून तर घरी तो विचारतो. वर्गात त्याला धाडस कमी पडतं, आणि ते बहुतेक वेळा आम्ही मोठ्यांनीच काढून घेतलेलं असतं.

माझ्या हातून हे घडलेलं आहे. आमच्याकडे खाजन शेती आहे. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं असलेली मोरी. एकदा वर्गात एका मुलाने विचारलं, “बाई, मानशीचें दार रातीं कोण उगडटा?” आणि मी बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, “आजी सांगते, देवचार.” देवचार म्हणजे गावाची राखण करणारं भूत, असं आमच्याकडे मानतात. वर्ग हसला. मी म्हटलं, “असं काही नसतं, पाण्याने उघडतं,” आणि धडा पुढे नेला. उत्तर बरोबर होतं. पण तो मुलगा त्यानंतर दिवाळीपर्यंत काही विचारेना.

सुट्टीनंतर मी सगळ्या वर्गाला मानशीवर नेलं. त्याआधी फळ्यावर सगळ्यांचे तर्क लिहिले. मानशीची पावणी घेतलेला, म्हणजे तिथल्या मासेमारीचा हक्क लिलावात घेतलेला माणूस येऊन उघडतो, असं एकाचं म्हणणं. आत स्प्रिंग आहे, असं एकीचं. देवचारही मी त्याच यादीत, त्याच अक्षरात लिहिला. मग प्रत्येक तर्कापुढे एकच प्रश्न: हे खरं असेल तर तिथे आपल्याला काय दिसायला हवं? माणूस येत असेल तर चिखलात पावलांचे ठसे हवेत, हे सुचवलं त्या देवचारवाल्या मुलानेच. इतक्या दिवसांनी तो बोलला होता.

बांधावर आम्ही दोनेक तास बसलो. ओहोटीने नदीची पातळी उतरत गेली, आणि आतल्या पाण्याने दारं हळूच बाहेर ढकलली. हात कोणाचाच नाही. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं, दारं मिटतात.

खरी मजा पुढे आली. मुलांनी शाळेत टबात मानस करायला घेतली. दाराला पोफळीच्या विरीचा तुकडा. तो दोन्हीकडे झुलायचा, पाणी कुठूनही ओता, आत यायचंच. तीन दिवस हे चाललं. मला कारण दिसत होतं, जीभ आवरून धरणं फार कठीण गेलं. चौथ्या दिवशी एक मुलगी घरच्या दाराची चौकट निरखून आली आणि म्हणाली, “बाई, आतल्या बाजूने अडवायला पट्टी हवी.” पट्टी लावली, मानस चालली. कल्पकता म्हणतात ती मला तरी अशीच भेटली आहे: एका ठिकाणी पाहिलेली गोष्ट मूल दुसऱ्या ठिकाणी नेऊन लावतं. दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली आपल्या गोव्यातच जन्मलेले, गणिती होते. त्यांनी जुनी नाणी वजन करून पाहिली, हाताळून हाताळून ती किती झिजली यावरून इतिहासाचे प्रश्न सोडवायला घेतले. त्या मुलीच्या पट्टीची मला त्यावरून आठवण होते.

मग मुलं दार मिटायची वेळ रोज वहीत लिहू लागली. ती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकायची. आधी एकमेकांवर ‘घड्याळ नीट बघितलं नाहीस’ म्हणून आरोप झाले. एकाच्या आजोबांनी, ते होडीवर असायचे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा जुना हिशेब सांगितला. आमच्या मानशीवर तो तंतोतंत जुळेना. का, असं मुलांनी मला विचारलं आणि मी सरळ सांगितलं, मला माहीत नाही, उद्या शोधून येऊ. दुसऱ्या दिवशी कळलं ते असं: चंद्र रोज थोडा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटं जास्त फिरावं लागतं. शिवाय समुद्रातून नदीत इतक्या आत यायला भरतीला वेळ लागतो. आजोबांचा हिशेब सोयीचा आहे, पण ढोबळ. ‘मला माहीत नाही’ हे बाईंच्या तोंडून ऐकल्यावर त्या वर्गात चुकीचं उत्तर द्यायची भीती निम्म्याने उतरली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

तुमच्या मुलाबद्दल अजून एक विचारते. घरी तो कोंकणीतून प्रश्न विचारतो ना? मग वर्गात कदाचित त्याला प्रश्न सुचतो, पण मराठीत मांडेपर्यंत वेळ निघून जाते. त्याच्या बाईंना भेटा. तक्रार म्हणून नको. प्रश्न कोंकणीतून आला तरी घ्याल का, एवढंच विचारा. बहुतेक जणी हो म्हणतील.

घरी मात्र उत्तर द्यायची घाई करू नका. ‘तुला काय वाटतं’ म्हणा, आणि ते कितीही चमत्कारिक निघालं तरी हसू नका, घरातल्या इतरांनाही हसू देऊ नका. उत्तर चुकलं तर ‘बरं, मग कसं पडताळून बघू?’ असं विचारा.

येत्या रविवारी भरती उतरायला लागली की त्याला जवळच्या एखाद्या मानशीवर घेऊन जा. बांध निसरडा असतो, हात धरा. आणि दार कोण उघडतं ते आधी सांगू नका.