पहिल्या रांगेत कोण उभं राहतं?

प्रश्न : मी कोल्हापूर शहरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या नववीतल्या एका मुलीनं गॅदरिंगच्या नाचातून अचानक नाव मागे घेतलं. कारण विचारलं तर सांगेना. मैत्रिणीकडून कळलं की वर्गातली मुलं तिला रंगावरून चिडवतात आणि ती मेडिकलमधून कुठलीशी ट्यूब आणून रोज रात्री तोंडाला लावते. आता मुख्याध्यापकांनी मला ‘स्वतःला स्वीकारा’ या विषयावर मुलींसाठी दोन तास घ्यायला सांगितलंय. मी तयारीला बसले. पण ‘तुम्ही सगळ्या सुंदर आहात’ हे म्हणताना मला माझाच आवाज खोटा वाटतो. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : तासाचं नंतर बघू. आधी ती ट्यूब बघा.

मुलीला एकटीला बोलवा, रागावू नका आणि ट्यूब घेऊन ये म्हणा. मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ते ठरावीक दिवसांसाठी देतात. चेहरा उजळायचं ते औषध नव्हे. सुरुवातीचे काही आठवडे चेहरा खरंच नितळ दिसतो, मुलगी खूश होते आणि तिथंच फसते. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ येतं, गालावर लव वाढते. लावायचं थांबवलं की आग होते, म्हणून पोर पुन्हा लावते. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केंद्र सरकारनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं, तरी ती सहज हाती पडतात. तुम्ही मात्र तिला ‘आजपासून बंद’ असं सांगू नका. आईला विश्वासात घ्या आणि दोघींना सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पाठवा. कसं आणि किती दिवसांत सोडवायचं ते डॉक्टर ठरवतील. डबीवर घटकांची यादीच नसेल तर जास्त सावध राहा. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पारा मूत्रपिंडावर जातो.

आईवर चिडू नका. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली आणि तिचं नाव बदललं २०२० मध्ये. मधल्या ४५ वर्षांत ज्या मुली मोठ्या झाल्या, त्याच आज तुमच्या विद्यार्थिनींच्या आया आहेत. नोकरी मिळाली, स्थळ जमलं, ते चेहरा उजळला म्हणून, अशा जाहिराती त्यांनी जेवता जेवता बघितल्यात. सावळ्या माणसाला दुःखी किंवा कमी दर्जाचं दाखवू नका, असं जाहिरात मानक परिषदेनं सांगितलं ते २०१४ मध्ये. तोवर एक पिढी संसाराला लागली होती.

आता तास. तुमचा आवाज तुम्हाला खोटा वाटतो, कारण ते वाक्यच तकलादू आहे. चौदा वर्षांच्या मुलीला पक्कं ठाऊक असतं की नातेवाइकांत कौतुक कोणाच्या वाट्याला येतं. तिला ‘तूही सुंदर आहेस’ म्हटलं की आपणही कबूल करून बसतो की सुंदर असल्याशिवाय चालत नाही. मी निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं, आता शाळांमधून समुपदेशन करते, आणि माझं मत यावर पक्कं झालंय : मुलांना सुंदर असल्याचं पटवू नका, शाळेत दिसण्याला दिलेली जागा कमी करा. ती जागा आपण मोठ्यांनी दिलेली असते.

म्हणून पहिला तास शिक्षकांच्या खोलीत घ्या. मागच्या काही गॅदरिंगचे फोटो टेबलावर मांडा आणि सहकाऱ्यांना फक्त पहिली रांग बघायला सांगा. पाहुण्यांना ओवाळायला कोण आहे? नाटकात परी कोण झालीय आणि राक्षसाच्या मिशा कोणाला लावल्यात? शाळेच्या माहितीपत्रकावर कोणाचा चेहरा आहे? हे कोणी दुष्टपणानं करत नाही. नाच बसवणाऱ्या बाई ‘स्टेजवर उठून दिसायला पाहिजे’ एवढंच म्हणतात आणि मागच्या रांगेतली मुलगी काय समजायचं ते समजते. तुमच्या मुलीनं नाव मागे घेतलं ते रांगा लागल्यानंतर की आधी, एवढं विचारून बघा. यंदा दर कडव्याला रांगा बदला. ओवाळायला चिठ्ठ्या टाका. हे मुख्याध्यापकांच्या हातातलं आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

मैदानाकडेही बघा. आठवीपर्यंत खो-खोत जीव तोडून पळणाऱ्या मुली नववीत झाडाखाली बसतात. विचारलं तर पोटात दुखतंय म्हणतात. जरा मोकळ्या झाल्या की खरं निघतं : ‘घरी ओरडतात बाई, उन्हात काळी पडशील म्हणून.’ एक अख्खं मैदान हातचं जातं त्या मुलीचं. सकाळचा पहिला तास पी.टी.ला द्या, टोपी घालू द्या, पण खेळू द्या.

आणि मुख्याध्यापकांनी ‘मुलींसाठी’ म्हटलंय, ते आधी बदलून घ्या. चिडवणारी मुलं बाहेर क्रिकेट खेळणार आणि जिला चिडवलं तिनं आत बसून स्वतःला स्वीकारायचं, हे कसलं शिक्षण?

वर्गात सुरुवात तालमीपासून करा. मोतीबाग, गंगावेश ही नावं तुमच्या मुलांना पाठ असतात. विचारा, पैलवानाचे कान कसे असतात? सगळे एका सुरात सांगतील : मोडलेले, चुरगळलेले. घासून, मार बसून कानाची कातडी कूर्चेपासून सुटते, मध्ये रक्त साकळतं आणि कान तसाच घट्ट होतो. वैद्यकाच्या दृष्टीनं ही इजा. पण खासबागच्या कुस्ती मैदानात तेच कान बघून माणूस वाट सोडतो, मान देतो. दुसऱ्या कुठल्या शहरात हाच कान घेऊन एखादा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला गेला तर? मुलांना बोलू द्या. कान तोच आहे, बघणारा गाव बदलला, एवढं त्यांनी स्वतः शोधून काढलं पाहिजे.

मग त्यांना फिजीची गोष्ट सांगा. तिथल्या समाजात अंगानं भरलेल्या बाईला मान होता. कोणी वाळलं तर लोक काळजी करत, अगदी आपल्याकडच्या आजीसारखी. १९९५ मध्ये तिथल्या एका भागात टीव्ही पोचला. अॅन बेकर या संशोधिकेनं टीव्ही येऊन काही आठवडेच झाले असताना शाळकरी मुलींना प्रश्न विचारले, आणि तीन वर्षांनी त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना. वजन उतरवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. १९९८ मध्ये त्या ११ टक्क्यांवर होत्या. दहावीतल्या मुलांना हा आकडा दिला की वर्ग शांत होतो. तीनच वर्षं लागली. त्यांच्या हातात आज टीव्ही नाही, फोन आहे, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

फोनचं म्हणाल तर तो विज्ञानाच्या तासाला आणाच. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी मूकपट काढले तिथल्या मुलांना कॅमेऱ्याची खोड माहीत असायला हवी. त्या काळची फिल्म लाल रंग नीट टिपत नसे. लालसर ओठ, लालसर कातडी पडद्यावर काळी येई, म्हणून नट-नट्यांना रंग थापून उभं करावं लागे. आजचा फोन उलट करतो. अनेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याला ‘ब्यूटी’ आधीच चालू असतं, मुलीला न विचारता तिचा रंग उजळतो, डाग पुसतो. मग ती आरशात बघते आणि आरसा तिला खोटा वाटतो. वर्गात एकाच मुलाचा फोटो एक फुटावरून काढा आणि पाच फुटांवरून काढा, पट्टीनं नाक आणि चेहरा मोजा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हिशोब मांडून दाखवलं की एक फुटावरच्या सेल्फीत चेहऱ्याच्या मानानं नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. भिंग आणि अंतर, बाकी काही नाही. यासाठी स्वतःहून पुढे येणारा मुलगा घ्या. नसेल कोणी तर तुमचंच नाक मोजू द्या.

रंगाचं विज्ञानही सरळ सांगा. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात संख्येनं जवळपास सारख्याच असतात. त्या किती आणि कुठल्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात, ते कातडीत कसं पसरतं, यात फरक. जिथं ऊन कडक तिथं पिढ्यान्‌पिढ्या गडद रंग टिकला, कारण तो अतिनील किरणं अडवतो.

एक दाखला मात्र देऊ नका : आपली अंबाबाई काळ्या पाषाणाची, विठोबा सावळा. देणारे भक्तीनं देतात, मलाही तो जवळचा आहे. पण एका मुलीनं मला सरळ सांगितलं होतं, ‘त्या देवी आहेत बाई, त्यांना कोण चिडवणार?’ तिचं बरोबर होतं. किरणोत्सवाला मावळतीचं ऊन मूर्तीवर चढताना बघायला माणसं गर्दी करतात आणि घरी जाऊन स्थळाच्या मुलीचा रंग विचारतात. देवीच्या रंगानं मुलीचं ओझं हलकं झालेलं मी बघितलेलं नाही.

दुसऱ्या तासाला तुम्ही कमी बोला. एरिक स्टाइस हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर जो कार्यक्रम तयार केला, त्यात मुलीच दिसण्याच्या मापदंडांविरुद्ध बोलतात, लिहितात; त्याचा परिणाम अनेक चाचण्यांत दिसलाय. बाईंनी सांगितलेलं मूल विसरतं, स्वतः मांडलेलं धरून ठेवतं. आदल्या रविवारच्या पेपरातल्या ‘वधू पाहिजे’, ‘वर पाहिजे’ जाहिराती कापून आणायला सांगा. मुलीचा रंग किती जाहिरातींत आहे, मुलाचा कितींत, ते त्यांनीच मोजावं. नंतर प्रत्येकानं सहावीतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला पत्र लिहायचं : तुला उद्या कोणी दिसण्यावरून बोललं तर काय करशील, आणि मी तिथं असलो तर काय करीन. शेवटचा भाग चिडवणाऱ्या मुलांकडून नक्की लिहून घ्या. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिल्या आलेल्या मुलीची ओठांवरच्या केसांवरून इंटरनेटवर टर उडवली गेली. ते लिहिणारेही कधीतरी नववीत कुणाच्या तरी वर्गात बसलेले होते.

तुमच्या त्या मुलीचं उदाहरण, नाव न घेताही, वर्गात देऊ नका. कोणालाही उभं करून ‘तुला स्वतःत काय आवडतं’ विचारू नका. चिडवणाऱ्या मुलांशी वेगळं बोला, आणि हे थांबलं पाहिजे, असं स्पष्ट शब्दांत सांगा. नाचाचं दार तिच्यासाठी उघडं ठेवा. आली तर रांगा बदलत्या असतील, नाही आली तर तिचा तो निर्णय.

प्रश्न : मी नववीत आहे. मला वर्गात काडीपैलवान म्हणतात. बाबा म्हणतात तालमीत जा. जिममधला एक दादा म्हणतो पावडर घे, दोन महिन्यांत अंग भरेल. दिसण्याचं टेन्शन मुलींना असतं म्हणतात, म्हणून मी कोणाला विचारलं नाही.
— एक विद्यार्थी, करवीर तालुका

उत्तर : बाळा, विचारलंस ते फार चांगलं केलंस. तुझ्यासारखी पत्रं मुलांकडून येतात, फक्त नाव न घालता.

तुझ्या वयात बहुतेक मुलांची आधी उंची वाढते, अंग त्याच्या मागून भरतं. मधली वर्षं हातपाय लांब आणि छाती अरुंद अशीच दिसतात. कोणाचं हे तेराव्या वर्षी होतं, कोणाचं सोळाव्या. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं शेजारी बसतात म्हणून फरक डोळ्यात भरतो. पावडर नको. डब्यात नक्की काय आहे हे त्या दादालाही माहीत नसतं. आणि इंजेक्शनचं नाव कोणी काढलं तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नकोस. डाळ, शेंगदाणे, दूध, चालत असतील तर अंडी, आणि आठ-नऊ तास झोप. खूप थकवा येत असेल, भूकच लागत नसेल किंवा वजन उतरत असेल तर डॉक्टरांना दाखव.

तालमीत जायचं असेल तर कुस्ती आवडते म्हणून जा. वस्ताद तुझ्या वजनाचाच जोड लावतील. नसेल आवडत तर बाबांना तसं सांग; हे पत्र दाखवलंस तरी चालेल. चिडवणाऱ्यांचं नाव वर्गशिक्षकांना सांगायला लाजू नकोस. एकट्यानं जायला अवघड वाटत असेल तर ज्या मित्राजवळ तू हे बोलू शकतोस, त्याला बरोबर घेऊन जा.