गोबरगॅसवर मेम्ब्रेन रिॲक्टर लावून हायड्रोजन काढता येईल का?

रावेरकडचा गोठा, २० गुरं, रोज साधारण २०० किलो शेण, आणि त्या गॅसमधून पॅलेडियमच्या मेम्ब्रेनने (फक्त हायड्रोजन पार होऊ देणारा धातूचा पातळ पडदा) हायड्रोजन काढायचा, असं तुम्ही विचारलंय. निघतो. पण आधी हिशेब बघा भाऊ. २०० किलो शेणाचा गॅस जेमतेम ८ घनमीटर. मिथेन आणि वाफेची अभिक्रिया उष्णता खाते, त्यामुळे त्यातला पाव भाग तरी बर्नरलाच जातो. उरलेल्यातून दिवसाला किलोभर हायड्रोजन मिळाला तरी खूप झालं.

साध्या रिफॉर्मरला (मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन बनवणाऱ्या भट्टीला) ८०० ते ९०० अंश सेल्सिअस लागतात. मेम्ब्रेन रिॲक्टरमध्ये निकेलच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन तयार होताच पॅलेडियम-चांदीच्या नळीतून बाहेर जातो, अभिक्रियेचा समतोल पुढे सरकत राहतो, म्हणून ५५० अंशांतही काम भागतं. हायड्रोजन नळीबाहेर जाण्याची ही ओढ मात्र दाबाच्या वर्गमुळावर चालते. आत हायड्रोजनचा दाब ४ बार आणि बाहेर १ असेल, तर वर्गमुळांचा फरक २ वजा १, म्हणजे १. उत्पादन दुप्पट हवं तर आत ९ बार न्यावे लागतात (३ वजा १)! त्यापेक्षा बाहेरच्या बाजूला व्हॅक्यूम लावलेला परवडतो.

खरा शत्रू हायड्रोजन सल्फाइड. शेणाच्या गॅसमध्ये तो हजार पीपीएमच्या (दहा लाखात हजार भाग) वरही असतो, आणि निकेल व पॅलेडियम दोन्ही मारतो. आधी लोखंडाच्या ऑक्साइडचा थर, मग ३५० अंशांवर झिंक ऑक्साइड, आणि शेवटी १ पीपीएमच्या आत. इथे काटकसर करू नका.

वाफ मिथेनच्या तिप्पट ठेवा, नाहीतर उत्प्रेरकावर काजळी बसते. म्हणजे घनमीटरभर गॅसला दीड लिटर पाणी, तेही डीमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने वाफेची नळी क्षाराने बुजते.

३०० अंशांच्या खाली पॅलेडियमला हायड्रोजन लागू देऊ नका, धातू फुगून ठिसूळ होतो. तापवताना नायट्रोजन, बंद करतानाही आधी नायट्रोजन, मग थंड. लाइट गेली तर नायट्रोजन आपोआप सुटेल असा व्हॉल्व्ह हवाच; हायड्रोजन भरलेला असताना नळी गार झाली तर तडकते.

या गॅसपासून मिथेनॉल बनवायचा विचार असेल तर तो सोडा, त्याला ५० बारच्या वरचा कॉम्प्रेसर लागतो.

नळी विकत घेतलीत तर बसवल्यावर आत नायट्रोजनचा दाब द्या आणि बाहेरच्या बाजूची नळी पाण्याच्या ग्लासात बुडवा. पॅलेडियममधून नायट्रोजन जातच नाही. बुडबुडे येत राहिले तर सील गळतंय किंवा थराला छिद्र आहे, भट्टी पेटवू नका.